सगळीकडे शिरकाव असलेला माणूस

आर. के. लक्ष्मण यांच्या पॉकेट कार्टूनमधला 'कॉमन मॅन' कुठे कुठे उभा असतो, हे एकदा नीट बघावं. तो मंत्र्याच्या दालनात असतो, पक्षाच्या बंद दाराआडच्या बैठकीत असतो, विमानतळावर पाहुण्याच्या स्वागताला जमलेल्या बड्या मंडळींतही असतो. ज्या फाटकावर शिपायानं त्याला हटकलं असतं, त्या फाटकाच्या आत तो खुशाल वावरतो. टक्कल, जाड मिशा, चष्मा, चौकड्यांचा कोट आणि धोतर. एवढा उठून दिसणारा माणूस, पण चित्रातलं कुणीही त्याला 'तुम्ही इथे कसे?' म्हणून विचारत नाही. हा शिरकाव त्याला मिळाला कसा? मला वाटतं, तो बोलत नाही म्हणून. लक्ष्मण यांची सगळी कारागिरी या एका अटीभोवती उभी आहे.

लक्ष्मण मूळचे म्हैसूरचे, जन्म १९२१ चा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं त्यांचा प्रवेशअर्ज नाकारला होता. पुढे 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये काही काळ काढून ते १९४७ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त आले आणि १९५१ पासून त्यांचं रोजचं छोटं चित्र सुरू झालं. मराठी वाचकाला ते 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये 'कसं बोललात!' या नावानं भेटत राहिलं. सुरुवातीला लक्ष्मण चित्रात माणसांची गर्दी काढत. देश म्हणजे बंगाली, तमिळ, पंजाबी, मराठी असे सगळे, त्या त्या वेशात. पण दैनिकाला वेळेची घाई असते, छपाईखाना कुणासाठी थांबत नाही. गर्दीतली माणसं एकेक करून गळत गेली आणि शेवटी हा एकटा उरला.

हे सगळे सांगतात, पण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जो एकटा उरला, त्याला गेलेल्या सगळ्यांच्या वाटचं उभं राहावं लागणार होतं. तो बोलला असता तर? माणसानं तोंड उघडलं की त्याची भाषा कळते, भाषेवरून गाव कळतं, गावावरून जात आणि पक्ष यांचे अंदाज सुरू होतात. दोन वाक्यांत तो कुणा एकाचा झाला असता. गप्प राहिला म्हणून तो सगळ्यांचा राहिला.

हे चित्र जिथून निघायचं, त्या 'टाइम्स'ची इमारत बोरीबंदर स्थानकासमोर आहे. १६ एप्रिल १८५३ ला पहिली प्रवासी गाडी निघाली ती तिथूनच, आणि पोचली ठाण्याला. पुढे त्याच मार्गावर कल्याण-डोंबिवलीचा नोकरदार वर्ग रोज सकाळी मुंबईत उतरू लागला. त्या गर्दीत धोतर आणि चौकड्यांचा कोट आता शोधूनही सापडायचा नाही. तरीही तिथल्या वाचकाला ते चित्र परक्याचं वाटलं नाही, कारण त्यानं वेश ओळखला नव्हता, उभं राहण्याची तऱ्हा ओळखली होती. डोंबिवलीहून फास्ट लोकलमध्ये चढलेला माणूस चौथ्या सीटवर टेकला तर नशीब, नाहीतर दाराशी उभा. पुढचे दोघे सरकार पाडत असतात, मागे भजनी मंडळाचे टाळ वाजत असतात, बाजूला कुणी साहेबाला शिव्या देत असतो. हा सगळं ऐकतो आणि बोलत नाही. त्याला मत नाही असं कोण म्हणेल?

लक्ष्मण यांचे खड्डे घ्या. रस्त्यातल्या खड्ड्यांवर त्यांनी आयुष्यभर चित्रं काढली. ते मुंबईला समोर ठेवून काढले असतील, पण कल्याणच्या वाचकानं त्यात शिवाजी चौक पाहिला आणि डोंबिवलीकरानं मानपाडा रस्ता. कॉमन मॅननं त्या खड्ड्याशेजारी उभं राहून एक वाक्य जरी उच्चारलं असतं, तरी तो खड्डा एका शहराचा, एका वॉर्डाचा होऊन बसला असता.

आता प्रश्न हातातल्या कुंचल्याचा. बोलणारा माणूस काढणं सोपं असतं: उघडं तोंड, उगारलेलं बोट, फुगलेलं पोट. लक्ष्मण हे सगळं मंत्र्याला देतात, त्याच्या टेबलाला, फायलींना, पडद्यांनाही भरपूर रेषा देतात. कॉमन मॅन मात्र कडेला, जरा मागे. नजर आधी बोलणाऱ्याकडे जाते, मग खालच्या ओळीकडे आणि सगळ्यात शेवटी या माणसाकडे. हसू फुटतं ते बऱ्याचदा तिथे पोचल्यावर. त्याच्या चेहऱ्यावर अचंबा असतो, कधी नुसती दमणूक, पण राग जवळजवळ नसतो. मला यातला संयम फार मोठा वाटतो. त्यानं चित्रातच संताप करून घेतला असता, तर वाचकाचा संताप तिथल्या तिथे विरला असता.

त्यांचं एक गाजलेलं चित्र आठवा. चंद्रावर पाठवायला माणूस हवा आहे आणि शास्त्रज्ञ कॉमन मॅनला पुढे करतात, कारण पाणी, अन्न, उजेड, हवा, निवारा यांतलं काहीही नसताना तो जगू शकतो. त्यानं तिथे तक्रार केली असती, तर त्या चित्राचा अर्ज झाला असता.

त्याची बायको मात्र बोलते, फटकळ बोलते. मला ही विसंगती वाटत नाही. घरात शिरायला कुणाची परवानगी लागत नाही, तेव्हा तिथे गप्प राहण्याचीही गरज नाही.

लक्ष्मण सुरुवातीला होते त्याच 'फ्री प्रेस'मध्ये दुसरा एक तरुण कुंचला चालवत होता. बाळ ठाकरे. व्यक्तीचा चेहरा पकडण्यात त्यांचा हात लक्ष्मण यांच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हता, काही वेळा तर जास्त धारदार होता. पण त्यांच्या रेषेला गप्प बसवेना. १३ ऑगस्ट १९६० ला 'मार्मिक' निघालं, १९६६ मध्ये शिवसेना झाली आणि १९६७ मध्ये ठाणे नगरपालिका त्यांच्या हाती आली. व्यंगचित्रातून निघालेला आवाज थेट नगरपालिकेच्या सभागृहापर्यंत कसा जातो, हे ठाणेकरांनी आपल्याच गावात पाहिलं. आवाजाची ही ताकद मी कमी लेखत नाही. फक्त ज्याला आवाज मिळाला त्याला बाजू मिळाली, आणि समोरच्या बाजूची दारं त्याला बंद झाली.

गप्प माणसावरही एक आरोप होतोच, आणि तो हलका नाही: यानं लोकांना सोसायला शिकवलं. खड्डे तसेच राहिले, हा बघत राहिला. या आरोपाचं उत्तर मी आणीबाणीत शोधतो. व्यंगचित्रकार शंकर यांनी आपलं साप्ताहिक 'शंकर्स वीकली' ३१ ऑगस्ट १९७५ ला बंद केलं. त्याच वर्षी १० डिसेंबरला अबू अब्राहम यांचं चित्र 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये आलं: राष्ट्रपती न्हाणीघरातल्या टबमध्ये बसून वटहुकमावर सही करताहेत. लक्ष्मण यांनाही त्या काळात सत्तेकडून इशारे मिळाले. गप्प राहणं म्हणजे संमती असती, तर सरकारला त्याची अडचण कशाला झाली असती? सेन्सॉरला ओळ खोडता येते, शब्द बदलून मागता येतो. नुसत्या बघत उभ्या असलेल्या माणसातलं खोडण्याजोगं काय सापडणार? इशारा मग थेट चित्रकारालाच द्यावा लागला, असं मला वाटतं.