थांबता आलं पाहिजे

प्रत्येक घरात वडिलोपार्जित असं काहीतरी असतं. कुणाकडे वाडा असतो, कुणाकडे कोर्टातली केस. आमच्याकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. देवगाव रंगारीत तिला 'अण्णांची फियाट' म्हणतात. अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली, पेट्रोल मी भरतो, धक्का मी मारतो, तरी गाडी अण्णांचीच. मी आपला पुजारी.

आणि पुजाऱ्याला शोभेल असं माझं सोवळंही कडक होतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून आली तश्शीच ती राहिली पाहिजे! एखादा पोरगा "काका, टेप बसवा की हिच्यात" म्हणाला, की तो गाभाऱ्यात चपला घालून शिरल्यासारखा मी त्याच्याकडे बघत असे.

हे सोवळं सुटलं वेरूळच्या घाटात. श्रावणी सोमवार होता. खुलताबादहून घाट उतरत होतो. पुढे एस.टी., मागे ट्रक आणि माझा पाय सारखा ब्रेकवर. जळका वास आला. मला वाटलं, ट्रकचा असणार. (वास आला की आधी दुसऱ्यावर संशय घ्यावा, हा मनुष्यस्वभाव आहे.) खाली घृष्णेश्वराला निघालेली गर्दी दिसली म्हणून पेडल दाबलं. पेडल खाली गेलं आणि गाडी पुढे गेली. समोर एक बाई, कडेवर मूल. स्टिअरिंगवरचा गिअर दुसऱ्यात ओढला, हँडब्रेक खेचला, आठवतील तेवढे देव बोलावले. गाडी थांबली ती बाईपासून हातभरावर. बाईला पत्ताच नाही. मूल मात्र माझ्याकडे बघून हसलं. त्या हसण्यानं माझी आठ दिवस झोप उडवली.

आमचे मिस्त्री म्हणाले, "मालक, ही गाडी थांबत नाही, थांबायचा विचार करती."

मग त्यांनी मला ब्रेकचं तत्त्वज्ञान सांगितलं. ड्रम म्हणजे चाकातलं पातेलं. आतल्या पट्ट्या फाकून त्याला घासतात. घाटात पातेलं तापतं, फुगतं आणि पट्ट्यांपासून लांब जातं. उष्णता आतच कोंडते. डिस्क म्हणजे उघडी थाळी. तिला दोन्हीकडून चिमटा. वारा लागतो, थंड होते, आणि तापून फुगली तरी चिमट्याकडेच येते. नंतर मी वाचलं की इंग्लंडात लँचेस्टर नावाच्या गृहस्थानं याचं पेटंट १९०२ सालीच घेतलं होतं, आणि १९५३ साली ल माँची शर्यत जॅग्वारनं डिस्क ब्रेकवर जिंकली होती. म्हणजे आमची पद्मिनी जन्मली तेव्हा हे ज्ञान पंचवीस वर्षांचं घोडं झालेलं होतं!

पुण्याच्या ताईला फोन केला. ती म्हणाली, "अण्णांच्या गाडीला हात लावशील तर बघ! मग ती अण्णांची राहील का?"

प्रश्न मोठा होता, पण आमच्या भागाला नवा नव्हता. संभाजीनगरात डॉ. आंबेडकरांनी १९५० साली काढलेलं मिलिंद महाविद्यालय ज्या नागसेनवनात आहे, त्या नावातच तो आहे. नागसेनानं मिलिंद राजाला विचारलं होतं, रथ म्हणजे काय? चाक? आस? जू? राजा प्रत्येकाला नाहीच म्हणाला. सगळे भाग जुळले की त्याला आपण रथ हे नाव देतो, इतकंच. आणि वेरूळला तर दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी उभी आहेत. कैलास लेणं अखंड दगडाचं, त्याला सुटा भाग बसवायची सोयच नाही. घृष्णेश्वराचा मात्र मालोजीराजांनी जीर्णोद्धार केला, पुढे अठराव्या शतकात होळकरांनी केला, तरी कुणी भक्त "ओरिजनल आहे का?" विचारून नारळ फोडत नाही.

पण खरं सांगू? मला नागसेनानं पटवलं नाही, त्या मुलानं पटवलं. जुनेपणाची हौस माझी, कौतुक माझं, आणि त्याला जामीन कोण? तर रस्त्यावरचं मूल, तेही त्याला न विचारता! इंजिन आपल्यासाठी असतं. ब्रेक बराचसा दुसऱ्यासाठी असतो. दुसऱ्याच्या जिवावर पाळलेल्या निष्ठेला निष्ठा म्हणायला माझी जीभ रेटेना.

पुढच्या दोन चाकांना मारुतीच्या डिस्क बसल्या. लेथवर काम निघालं, बूस्टरही आला. कारण ड्रमची पट्टी फिरत्या चाकाबरोबर ओढली जाते आणि आपणहून जोर वाढवते. डिस्कला ही मेहेरबानी ठाऊक नाही, तिला पायाचा सगळा जोर लागतो. मागचे ड्रम तसेच ठेवले. काढलेल्यांपैकी एकात आमच्या मंडळींनी कोरफड लावली आहे. दुसरा मी माळ्यावर ठेवला. पुजारी पूर्ण सुधारत नाही.

भाऊबीजेला ताईला आणायला संभाजीनगर गाठलं. येताना ती मागे गप्प बसली होती. घाट सुरू व्हायच्या आधी माझा पाय आपोआप पेडलवर गेला, एक, दोन, तीन. नव्या ब्रेकना त्याची काही गरज नव्हती. मग मी पुढच्या एस.टी.पासून चांगलं लांब अंतर ठेवलं.

"अण्णा अस्सेच तीनदा दाबायचे," ताई म्हणाली.

घाट संपेपर्यंत ती गाडीबद्दल अवाक्षर बोलली नाही. खाली उतरल्यावर म्हणाली, "थांबव जरा. पेरू घेऊ या."

गाडी थांबली. विचार न करता.