हरेलीच्या मुलखात विक्का

विक्का हा निसर्गपूजेचा आणि विचक्राफ्टचा, म्हणजे चेटूकविद्येचा, आधुनिक धर्म वयाने छत्तीसगडमधल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या बरोबरीचा आहे. सिलोन, बोर्निओ आणि मलायात नोकरी करून निवृत्त झालेला कस्टम अधिकारी जेराल्ड गार्डनर याचं, हा धर्म जगापुढे मांडणारं ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक 1954 साली आलं. भिलाईसाठी सोव्हिएत संघाशी करार झाला 1955 मध्ये आणि पहिली झोतभट्टी सुरू झाली 1959 च्या फेब्रुवारीत. ब्रिटनमध्ये विचक्राफ्टविरुद्धचा 1735 चा कायदा 1951 साली रद्द झाला, म्हणून गार्डनरला हे सगळं उघडपणे छापता आलं. भिलाई टाउनशिपच्या एखाद्या सेक्टरमध्ये राहणाऱ्या, मोबाइलवर चंद्राच्या कला आणि मेणबत्त्यांचे विधी पाहून या वाटेकडे वळलेल्या मुलीला मी आधी या तारखाच सांगेन. कारण तिच्या हाती पडणारी कित्येक पुस्तकं हा धर्म अश्मयुगापासून अखंड चालत आल्याचं सांगतात.

ती कल्पना पसरवली मार्गारेट मरे यांनी. 1863 साली कोलकात्यात जन्मलेल्या या इजिप्तविद्या-अभ्यासक बाईंनी 1921 मध्ये असा सिद्धांत मांडला, की युरोपात ज्यांना चेटकिणी म्हणून मारलं ते लोक एका प्राचीन, गुप्त धर्माचे अनुयायी होते. गार्डनरच्या पुस्तकाला प्रस्तावनाही त्यांचीच. पुढे इतिहासकारांनी मूळ खटल्यांची कागदपत्रं तपासली आणि हा सिद्धांत टिकला नाही. नव्वद लाख बायका जाळल्या गेल्या, हा अनेक पुस्तकांतला आकडाही असाच. अभ्यासकांच्या अंदाजाने तीन शतकांत देहदंड झालेले लोक 40 ते 50 हजारांच्या घरात होते आणि त्यांत पुरुषही होते. चाळीस हजार हीदेखील भयंकर संख्या आहे. तिला फुगवायची गरजच नाही.

म्हणून विधींच्या पुस्तकाआधी रोनाल्ड हटन यांचं ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ वाचावं. 1999 साली आलेल्या या ग्रंथात आधुनिक विक्का कुठून कसा घडला, याचा शोध आहे. तो वाचून श्रद्धा मोडते असं मला वाटत नाही. सत्तर वर्षांचा धर्मही खरा धर्म असू शकतो. वय फुगवून सांगितलं की मात्र पुढच्या प्रत्येक गोष्टीवर संशय येतो.

डोरीन व्हॅलियंटची गोष्ट मला यात सर्वांत मोलाची वाटते. 1953 मध्ये तिने गार्डनरकडून दीक्षा घेतली. त्याच्या विधींच्या हस्तलिखितातला बराच मजकूर ॲलिस्टर क्रोली या गूढवाद्याच्या लेखनातून उचललेला आहे, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने ते गुरूच्या तोंडावर सांगितलं. तुला जमत असेल तर तू नीट लिही, असं म्हणून गार्डनरने ते काम तिच्यावर सोपवलं. आज विक्कात जे सुंदर गद्य आणि कविता म्हटल्या जातात त्यांचा मोठा भाग तिच्या हातचा आहे. शंका विचारणाऱ्या शिष्येला बाहेर न काढता लेखणी दिली, या एका प्रसंगाने गार्डनरचे बरेच दोष मी पोटात घालते. गुरू निवडताना हीच कसोटी लावावी. प्रश्न चालतो का? गार्डनरच्या परंपरेत दीक्षेचे पैसे घेत नाहीत. तेव्हा ‘कोर्स’ची फी मागणारा, घरच्यांपासून लपवायला सांगणारा, अंगाला हात लावू पाहणारा माणूस गुरू नव्हेच. असा माणूस भेटण्यापेक्षा एकटीने शिकलेलं बरं. स्कॉट कनिंगहॅमने 1988 मध्ये एकट्या साधकासाठी लिहिलेलं पुस्तक त्यासाठीच आहे. सोपं, प्रेमळ पुस्तक.

पण ते भिलाईत जसंच्या तसं चालणार नाही. विक्काचे आठ सण इंग्लंड-आयर्लंडच्या ऋतूंवर बसवलेले आहेत. एक ऑगस्टच्या सुमारास पहिल्या धान्याची कापणी साजरी करा, असं पुस्तक सांगतं. त्याच दिवसांत दुर्ग जिल्ह्यातल्या शेतांत भात हिरवागार उभा असतो, चिखलात बियासीची, म्हणजे उभ्या भातातली, नांगरणी चाललेली असते. धान्य घरात आल्याचा इथला सण म्हणजे छेरछेरा, तो पौष पौर्णिमेला. निसर्गाला देव मानणाऱ्याने स्वतःच्या दारापुढच्या पावसाकडे पाठ फिरवून कसं चालेल? म्हणून त्या मुलीने शिवनाथ नदीच्या काठच्या शेतकऱ्याला विचारावं, कशाच्या वेळी काय पुजता.

आणि मग हरेली येते. आपल्याकडे आषाढ अमावस्येला घरातले दिवे घासून पुसून त्यांची पूजा होते. भिलाईतली मराठी घरंही दीप अमावस्या पाळतात. छत्तीसगढी घरांत तीच हरेली. त्या दिवशी नांगर, कुदळ, विळा धुऊन पुजतात, मुलं गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच काठ्यांवर, चालतात, दाराला कडुलिंबाची डहाळी खोचतात. ही डहाळी ज्यांच्या भीतीने खोचली जाते त्यांत टोनही, म्हणजे चेटकीण, असते. एखादं मूल आजारी पडलं, गाय दगावली, की बैगा, म्हणजे गावचा मांत्रिक, बोट दाखवतो आणि बोटासमोर बहुधा एकटी, गरीब, म्हातारी बाई असते. मारहाण, धिंड, कधी खून. हे रोखण्यासाठीच छत्तीसगडने 2005 मध्ये टोनही प्रताडना निवारण कायदा केला. एखाद्याला टोनही ठरवलं तर तीन वर्षांपर्यंत, तसं ठरवून छळलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. काळ्या जादूने दुसऱ्याचं वाईट करण्याची शक्ती आपल्यात आहे, असा दावा करणाराही या कायद्याच्या कक्षेत येतो. महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळायला 2013 उजाडलं आणि त्याआधी 20 ऑगस्टला पुण्यात, या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला.

सेक्टरमधली मुलगी हौसेने स्वतःला विच म्हणवते. वीस किलोमीटरवरच्या गावातल्या बाईवर तोच आरोप लादला जातो आणि तिचं घर सुटतं. या दोघींमधलं अंतर न पाहता शिकलेला विक्का मला पोकळ वाटतो. कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी ते अंतर पाहिलं. 1986 मध्ये त्यांनी स्वतःला जाहीरपणे विच म्हटलं, ‘बिलव्हेड विच’ हे आत्मकथन 2000 साली लिहिलं आणि बंगालच्या खेड्यांत डायन ठरवलेल्या बायकांची बाजूही घेतली. त्यांचे सगळे दावे पटायलाच हवेत असं नाही. पण भारतीय नवख्याने परदेशी लेखकांच्या आधी त्यांचं पुस्तक उघडावं.

त्या पुस्तकाच्या बरोबरीने 2005 च्या कायद्याची प्रत ठेवावी; काही पानांचा मजकूर आहे, एका बैठकीत वाचून होतो. रायपूरचे नेत्रतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र ‘कोई नारी टोनही नहीं’ ही मोहीम चालवतात आणि हरेलीच्या रात्री कार्यकर्त्यांसह गावांत फिरून लोकांशी बोलतात. विक्काची ओढ वाटणाऱ्या मुलीने एखाद्या वर्षी त्यांच्याबरोबर जावं, बैगाचंही म्हणणं ऐकावं आणि परतल्यावर ठरवावं, विच हे नाव आपल्याला घ्यायचं आहे का आणि घेतलं तर त्या गावातल्या बाईसाठी आपण काय करणार आहोत.