हौशी माणसाचा गेम

मेढ्याच्या एसटी स्टँडवर साताऱ्याच्या गाडीला उशीर झाला की कॉलेजची पोरं पायरीवर बसून बीजीएमआय लावतात. हात मोठे सफाईदार चालतात त्यांचे. पण हा गेम आतून कसा चालतो, त्यातलं काही आपल्याला बदलता येईल का, हा प्रश्न त्यांच्या मनात येत नाही, कारण तो पडावा अशी सोयच फोनवर नाही. व्हिडिओ गेम जन्माला आले तेव्हा मात्र खेळणं आणि घडवणं हे एकाच बैठकीत चाले.

१९६२ साली एमआयटीत पीडीपी-१ या संगणकावर स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ केला. तो कुणी मागितला नव्हता आणि विकायचाही नव्हता. सुरुवातीला पडद्यावर दोन यानं आणि मागे कसेही विखुरलेले ठिपके एवढंच होतं. पीटर सॅमसनला ते ठिपके खटकले. त्यानं खऱ्या आकाशातले तारे, त्यांच्या कमीजास्त तेजासकट, तिथे आणून बसवले. डॅन एडवर्ड्सनं मधोमध सूर्य ठेवून त्याला गुरुत्वाकर्षण दिलं आणि डावच पालटला. आता नुसता नेम पुरेना. सूर्याच्या ओढीचा फायदा घेत वळणं साधावं लागे. तारे खरे असल्यानं जिंकणं सोपं होत नव्हतं, तरी सॅमसननं ती मेहनत घेतली. मला हौसेची सगळी ताकद या एका गोष्टीत दिसते.

सत्तरच्या दशकात विल क्राउदर या प्रोग्रॅमरनं आपल्या दोन लहान मुलींसाठी ‘अॅडव्हेंचर’ लिहिला. त्याला गुहा धुंडाळायचा नाद होता, म्हणून केंटकीतल्या मॅमथ केव्हमधल्या वाटा त्यानं शब्दांत उतरवल्या. पुढे डॉन वुड्सला तो गेम सापडला, त्यानं क्राउदरची परवानगी घेतली आणि त्यात भर घातली. हे घडू शकलं कारण लिहिलेला प्रोग्रॅम वाचता येत होता.

मग गेमचा धंदा झाला. धंद्यानं गेम घरोघर नेले, हे त्याचं श्रेय नाकारायचं कारण नाही. पण त्याबरोबर गेमचं झाकण बंद झालं. आपल्याकडे त्याआधी, १९८४ साली, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले होते. ते चालू केले की समोर थेट बेसिक भाषा यायची. छापील प्रोग्रॅम टाइप करायचा, तीनऐवजी तीस ‘जीव’ लिहून बघायचं, चुकलं तर पुन्हा करायचं. नव्वदीत मात्र गावोगाव टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. त्यांची स्वस्तातली कॅसेट स्क्रू काढून उघडली की आत बहुतेक वेळा एक काळा, टणक थेंब असायचा. त्याच्याकडे बघून काय शिकणार?

झाकण पुन्हा किलकिलं केलं ते १९९३ च्या ‘डूम’नं. त्याच्या कर्त्यांनी नकाशे आणि चित्रं मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या फायलीत ठेवली, म्हणजे खेळणाऱ्याला ती बदलता यावीत. याच परंपरेत १९९९ साली ‘हाफ-लाइफ’ या दुसऱ्या गेममध्ये फेरफार करून दोघा हौशी तरुणांनी ‘काउंटर-स्ट्राइक’ उभा केला. जपानच्या दाइसुके अमाया यांनी तर फावल्या वेळात, पाच वर्षं एकट्यानं खपून, २००४ साली ‘केव्ह स्टोरी’ पुरा केला आणि फुकट वाटला. पुण्यातला ‘राजी’ हौस आणि धंदा यांच्या सीमेवरचा म्हणावा लागेल. २०१७ मध्ये त्यासाठी लोकवर्गणीचा प्रयत्न झाला, तो फसला, तरी छोटा चमू हटला नाही आणि २०२० मध्ये गेम जगभर पोचला.

तरी मेढा या गोष्टीत अजून कुठे नव्हता. गेम करायला कॉम्प्युटर लागे आणि पडद्यावर मराठीची दैना होई. अर्जेंटिनात सुरू झालेलं, २०१४ पासून सर्वांना मोफत आणि खुलं असलेलं ‘गोडो’ हे गेम बनवायचं साधनच घ्या. त्याच्या जुन्या आवृत्तीत ‘किल्ला’ लिहिलं की पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन पडे आणि ‘ल्ल’ फुटून पाय मोडलेला एक ल आणि शेजारी दुसरा ल असं दिसे. मजकुराचं चित्र करून चिकटवणं एवढाच उपाय. १ मार्च २०२३ ला गोडोची चौथी आवृत्ती आली आणि देवनागरी सरळ उमटू लागली. अँड्रॉइड फोनसाठी ते प्ले स्टोअरवरही आलं. स्टँडवरच्या पोराच्या खिशातल्या फोनवर आता गेम घडवता येतो, आणि तो मराठीत बोलू शकतो. माझ्या मते आपल्या भागासाठी साठ वर्षांतली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

त्यानं काय करावं? बीजीएमआयची नक्कल करण्यात त्याचा वेळ जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तिथे शेकडो पगारी माणसांशी गाठ आहे. पण जावळी तालुक्यात बामणोलीच्या बाजूला कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची आठवण सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. देऊळ कुठे होतं, पाणवठ्याची वाट कुठून उतरायची, कुणाच्या अंगणातून गेलं की शिव्या बसायच्या, हे आजीला विचारून एखाद्या नातीनं त्या गावाचा गेम केला, तर क्राउदरनं गुहेचं केलं तेच ती करील. हा गेम पुण्यातली वा टोकियोतली कुठलीही कंपनी करणार नाही, कारण त्यांच्याकडे ती आजी नाही.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आहे. ते गुणांत आणि प्रोजेक्टच्या वहीत अडकलं तर हौस तिथेच विझेल. मुलांना लागणारी मदत साधी आहे. बोटभर जागेत कोड लिहिताना फोनचा कीबोर्ड अर्धा पडदा खातो. ओटीजी केबल लावली तर साधा यूएसबी कीबोर्ड आणि माउस बहुतेक फोनला जोडता येतो. शाळेच्या संगणक कक्षातली मशीन बंद पडली तरी त्यांचे कीबोर्ड सहसा शाबूत असतात. ते कपाटातून काढून सुट्टीत पोरांना घरी न्यायला द्यावेत.