पत्र्याखालचं तत्त्वज्ञान

निवृत्त माणूस आणि जुनी सुटकेस यांची घरातली अवस्था सारखीच. टाकून देववत नाही आणि ठेवायचं कुठं ते कळत नाही. भोसरीच्या एमआयडीसीत पस्तीस वर्षं टूलरूममध्ये मायक्रॉनचा हिशेब करून मी घरी बसलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी दोन्ही वस्तूंची सोय एकाच ठिकाणी लावली. परसबागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये.

दिघी १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली, पण आमची शेड काही गेली नाही. दहा बाय बाराची ती जागा. आत गंजलेलं पिंप, मुलाचा पाळणा, आणि एप्रिलच्या दुपारी चव्वेचाळीस अंश. मी तिथं लाकूडकामाचं वर्कशॉप काढायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी पटाशी हातात धरली आणि लगेच सोडली. चिमट्यानं धरण्याइतकी ती तापली होती.

मग मी उष्णतेचा अभ्यास केला. थर्मोकोलमध्ये जवळजवळ सगळी हवाच असते, आणि कोंडलेली हवा उष्णता पुढं जाऊ देत नाही, एवढं कळलं. म्हणजे आपण पैसे मोजतो ते हवेचेच! मिस्त्री बोलावला. पत्र्याखाली लाकडी चौकट, तीत दोन इंची थर्मोकोल, त्याला आग लागू नये म्हणून खालून सिमेंट बोर्ड, आणि गरम हवा निघून जायला वर झरोका. मजुरीत मी पाचशे रुपये कमी करून घेतले. घासाघीस न करता काम दिलं तर मिस्त्रीला आपल्या अकलेविषयी शंका येते, असं माझं मत.

काम संपलं. दुपारी दोनला आत छत्तीस अंश! मी तापमापक मिस्त्रीच्या नाकासमोर धरला. त्यानं तो नीट पाहिला आणि विचारलं, "साहेब, इथं ऱ्हानार कोन?"

"कोणी नाही. माझी हत्यारं."

"आसं व्हय," तो म्हणाला. "हत्यारास्नी बी ऊन लागतंय म्हना की."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. तो स्वतः दोन गल्ल्या पलीकडं पत्र्याच्या खोलीत राहतो. दुपारी त्याची पोरं देवळाच्या सभामंडपात जाऊन झोपतात, कारण देवाला स्लॅब आहे.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझं चुकलं काय? पैसे माझे, घामाचे. मी थर्मोकोल उचकटून टाकला म्हणून त्याची खोली थोडीच गार होणार होती? युक्तिवाद अगदी बिनतोड होता. पण तो मनात बसवताना माझ्या लक्षात आलं, की हाही एक थर्मोकोलच आहे. दुसऱ्याची धग आपल्यापर्यंत येऊ नये म्हणून बिनतोड युक्तिवादाइतका स्वस्त माल बाजारात दुसरा नाही.

अशा वेळी मोठ्या माणसांकडं पाहावं म्हणून थोरोला काढला. १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी त्यानं स्वतः खोपटं बांधलं, दुर्गाबाई भागवतांनी ज्याला मराठीत आणलं तोच तो. अठ्ठावीस डॉलरांत घर! पण फळ्या कुठून आल्या? रेल्वेवर राबणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी त्यानं सव्वाचार डॉलरला विकत घेतली आणि मोडली. सकाळी सहाला ते कुटुंब त्याला रस्त्यात भेटलं. अख्खा संसार एका गाठोड्यात. त्यानं हे लपवलं नाही, स्वतःच लिहून ठेवलं. साधेपणाच्या त्या विख्यात खोलीलाही कुणाचं तरी छप्पर लागलं होतं. मला धीर आला म्हणावं, तर तसंही नाही.

सकाळी मी उदार झालो. उरलेले सहा थर्मोकोल मिस्त्रीला देऊ केले. तो हसला. "नको साहेब. खोली भाड्याची. छत सुधारलं की मालक भाडं वाढवनार. आन् खाली चूल हाय, पेट घ्यायचं."

घ्या! दानाचाही अभ्यास करावा लागतो, हे पस्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"मग काय देऊ?"

"चुना द्या."

आयुष्यात मला चुना लावणारे पुष्कळ भेटले. मागणारा हा पहिलाच. रविवारी आम्ही निघालो. चुन्यात थोडा फेव्हिकॉल कालवून तो त्यानं पत्र्यावर फासला, मी शिडी धरली. पांढऱ्या पत्र्यावरून ऊन परत जातं, आणि चुन्याबद्दल मालक भाडं वाढवत नाही. आत गारवा आला असं नाही, पण धग नक्की उतरली. पावसाळ्यात चुना धुऊन जाईल, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फासावा लागेल. शिडी धरायला मी येईन, असं सांगून आलोय. एकदा कमी केलेले पाचशेही देऊन टाकले. ते त्यानं मोजून घेतले. त्याचाही माणसांचा अभ्यास असावा.

आता मी दार लावून गारव्यात रंधा मारत बसतो. परवा चहा घेऊन आलेल्या सौभाग्यवती बाहेरून ओरडल्या, "अहो, आळंदी एवढी जवळ! तिथं ज्ञानेश्वरांनी रुसून ताटी लावली, तरी मुक्ताईनं ती उघडायला लावलीच. तुमचं काय?"

मी दार उघडलं. ऊन आत आलं. चहाही आला.