भाजी : संग्रह की सांभाळ?

कीर्तन आटोपून मंडळी पाया पडून जाऊ लागली की एखादा माळकरी हळूच विचारतो, "महाराज, उद्याची चिंता पांडुरंगावर टाकली म्हणतो आणि घरात आठवड्याची भाजी भरून ठेवतो. हा संग्रह नव्हे काय?" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी अनन्य भक्ताचा योगक्षेम आपण वाहतो असे अभिवचन दिले आहे. हा शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण भाष्यकार आचार्यांनी त्याचे दोन भाग वेगळे करून दाखविले. न मिळालेले मिळणे तो योग, आणि मिळालेल्याचे रक्षण तो क्षेम. बाजारातून मेथीची जुडी घरी आली, योग झाला. तिसऱ्या दिवशी ती पिवळी पडून उकिरड्यावर गेली. मग क्षेम कोठे राहिला? जुडी ओल्या पिशवीत तशीच कोंबायची आणि "देव बघेल" म्हणायचे, ह्याला आम्ही भक्ती म्हणत नाही. तो शुद्ध आळस. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा न करणे, अन्न न अव्हेरणे ही व्रते म्हणून सांगितली आहेत. आपण ते व्रत पानात वाढल्यापासून धरतो. पण पानात येण्याआधीच जी सडते, ती भाजी अन्न नव्हे काय?

खुडलेली भाजी मेलेली नसते, बरं का. तिचा श्वासोच्छ्वास चालू असतो. त्यात तिची साठवण खर्ची पडते, अंगातले पाणी उडते, आणि उष्मा वाढला की हे सारे वेगाने होते. दिंडीच्या ट्रकमध्ये गोणीत दाबून भरलेल्या कोथिंबिरीत हात घालून पाहा, आत ऊन लागते. म्हणून पालेभाजी आणल्याबरोबर जुडीचा बंद सोडावा, सडकी पाने काढावी, आणि न धुता, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून गारव्याला ठेवावी. धुणे चिरण्याच्या वेळी. भेंडीला तर पाण्याचा थेंबही नको. मुळा-गाजराचा पाला लगेच कापावा, नाहीतर तो कंदातले पाणी ओढून घेतो. त्या पाल्याची त्याच दिवशी भाजी होते. बटाटा अंधारात ठेवावा, उजेडात तो हिरवा व कडू होतो. वांगी, काकडी अति थंडीत राहिली की त्यांना खड्डे पडतात. आणि पिकलेली केळी, टोमॅटो पालेभाजीच्या शेजारी ठेवू नयेत. त्यांच्यातून एथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याने पाला लवकर पिवळा पडतो. संगतीचा परिणाम आम्ही कीर्तनात सांगतो, तो टोपलीतही असाच चालतो.

फ्रीज नाही त्यांनी खंत करू नये. दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विजेवाचून चालणारा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू, ती पाणी शिंपडून ओली ठेवायची, वर झाकण. आपल्या माठाचीच युक्ती ही. टोपलीवर ओले गोणपाट टाकणारी आजीबाई तेच करीत आली. मात्र आषाढाच्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही; तेव्हा थोडीच आणावी आणि पसरून ठेवावी.

आता माळकऱ्याच्या शंकेचा खरा भाग. सांभाळण्याची सोय झाली की माणूस जास्त आणू लागतो. "टिकते ना, मग घ्या आणखी!" संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ ह्या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले निम्म्याहून अधिक घरांतून. ह्या घरांत फ्रीज असलेली घरे थोडी नाहीत. कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात काळी पडलेली कोथिंबीर पुष्कळ गृहिणींनी पाहिली असेल. तेथे सांभाळ संपला आणि संग्रह सुरू झाला. खाण्यासाठी ठेवली तो सांभाळ. असावी म्हणून ठेवली तो संग्रह. इतका भेद आम्हांस दिसतो.

आणि जास्त झालीच तर? चौथ्या दिवशी, मान टाकलेली भाजी कामवालीच्या हाती द्यायची आणि दान केले म्हणायचे, हे आम्हांस रुचत नाही. कठोपनिषदातील नचिकेत्याला बापाचे काय बोचले? दूध आटलेल्या, थकलेल्या गाई तो दक्षिणेत देत होता. लहान पोराला ते कळले. द्यायची तर पहिल्या दिवशी, टवटवीत असताना द्या. शेजारी माणसे असतात. उरलेसुरले देठ गाईला घाला, पण गाय म्हणजे आपल्या हलगर्जीपणाचे प्रायश्चित्त नव्हे.

आपल्या जुन्या मंडळींना हा हिशेब ठाऊक होता. चातुर्मासात कांदा-वांगे वर्ज्य, म्हणून आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून घरातले संपवीत. आजही दशमीला बाजारात जाताना उद्या एकादशी आहे एवढे आठवले, तर द्वादशीला शिळ्या जुड्या निवडत बसावे लागत नाही.

आणखी एक शंका हटकून येते : गारव्याला ठेवलेली भाजी नैवेद्याला चालते का? खुशाल चालते. शिळे होते ते शिजविलेले. कच्ची भाजी सुकते किंवा सडते. देठ मोडून पाहावा, कडकन मोडला तर चुलीवर चढवावी.