पोटाचे ऑपरेशन आणि घासाचे भान



वजन उतरावे म्हणून पोटाचे ऑपरेशन करून घेतलेला एखादा माणूस आता तुमच्याही नात्यात किंवा शेजारात सापडतो. त्याचे कपडे सैल होतात, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात आणि लोक त्याचे कौतुक करतात. परंतु त्याच्या शेजारी जेवायला बसून पाहा. तुम्ही हात धुऊन उठलेले असता आणि तो अजून पाचव्या घासावर असतो. मधेच थांबतो, छातीवर हात ठेवतो, एकदा उठून मोरीकडेही जातो. हळू जेवायला शिकणे ही लहान मुलाची गोष्ट वाटते. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ती फार जड जाते. का जड जाते, आणि त्यात त्याच्या घरच्यांचा वाटा किती, याचा विचार आपण करू या.

आधी शरीराची बाजू समजून घ्या. या ऑपरेशनच्या एका प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग कापून काढतात. उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. सुरुवातीचे काही दिवस फक्त पातळ पदार्थ, मग मऊ कालवलेले, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण. त्यानंतरचे नियम मात्र कायमचे. घास लहान घ्यायचा. तोंडात त्याचे पीठ होईपर्यंत चावायचे. एका जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्यायची. आधी डाळ, अंडे, मासळी, दही, मग भात-पोळी. जेवताना पाणी नाही. नंतरही अर्धा तास थांबून प्यायचे. घाई केली की अन्न वरच अडकते, तोंडाला लाळ सुटते, छातीत दाटते आणि उलटी होते. दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशननंतर गोड भराभर खाल्ले, तर घाम फुटतो, धडधडते, चक्कर येते.

आता कोणी म्हणेल, हे तर भीतीने पाळलेले पथ्य झाले, याला शील कसे म्हणावे? शंका योग्य आहे. शील चेतनेने पाळायचे असते; उलटीच्या धाकाने तोंड आवरले, तर त्यात माणसाचे कर्तृत्व थोडेच. परंतु हा धाक फार दिवस टिकत नाही. भूक जागी करणारा घ्रेलिन नावाचा एक द्रव जठरातून रक्तात जातो. जपानच्या संशोधकांनी तो १९९९ साली शोधून काढला. जठराचा जो भाग कापतात, त्यातच तो मुख्यत्वे तयार होतो. म्हणून पहिले काही महिने भूक मंद असते. पुढे ती परत येते, नळीही थोडी सैलावते, आणि आइस्क्रीम, शेव, गोड चहा हे पदार्थ न अडकता सरळ खाली उतरतात, हे माणसाच्या ध्यानात येते. धाक सरतो तेथून त्याचे खरे शिकणे सुरू होते. सुरीने जठर लहान होते. सवय मात्र जेवढी होती तेवढीच राहते.

आणि ही सवय आली कोठून? याचे उत्तर ‘हावरटपणा’ असे एका शब्दात देणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते ते अन्यायाचे उत्तर आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामे करून दारोदार भाकर मागून आणली. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी फेकलेले तुकडे खाणे सोडा म्हणून सांगितले, तेव्हा ते या जगण्यालाच उद्देशून होते. ज्या घरात ताटातले संपण्याआधी टोपले संपते, त्या घरातले मूल भराभर जेवते. हळू जेवणारे उपाशी राहते. आजोबा गिरणीच्या भोंग्यावर जेवले, आजी शेताच्या बांधावर. पोट भरले तरी हाताची घाई एका पिढीत जात नाही. शिवाय शरीर जाड होण्यात रक्ताच्या वारशाचाही मोठा भाग असतो. तेव्हा ऑपरेशन करून घेणारा पळवाट शोधतो, असेही म्हणू नका. भिक्खूच्या चार गरजांत चीवर, भिक्षा आणि निवाऱ्याबरोबर आजाऱ्याचे औषध तथागतांनी मानले आहे.

भुकेचे मोल तथागतांना पुरते ठाऊक होते. आळवी नगरीतल्या एका शेतकऱ्याचा बैल हरवला. तो शोधून उपाशीच उपदेशाला आला, तेव्हा तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मगच तोंड उघडले.

अति खाणाऱ्याशी ते कसे वागले, तेही पाहा. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर तांदळाचा भात खाऊन, धापा टाकीत त्यांच्याकडे येऊन बसला. त्याला पापी म्हटले नाही, उपवास सांगितला नाही. मात्रा ओळखून, स्मृती ठेवून जेवणाऱ्याचे दुःख हलके होते, अशा अर्थाची एक गाथा तेवढी म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपले ताट आले की ती म्हणायची, याबद्दल रोज शंभर कार्षापण ठरवून दिले. अट्ठकथा सांगते की, ती गाथा शेवटच्या घासाला म्हटली जाई. राजा तो घास टाकी, आणि पुढच्या वेळी तेवढा तांदूळ कमी शिजे. असे करत करत राजा नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला.

या गोष्टीत सगळे लक्ष राजाकडे जाते. मला सुदस्सन महत्त्वाचा वाटतो. राजालासुद्धा एकट्याला भान राहत नव्हते. जेवताना आठवण देणारा माणूस जवळ लागला. तुमच्या घरी त्या आजाऱ्याच्या ताटाशी कोण बसते, आणि काय म्हणते? “एवढंसंच? आणखी एक घे, माझी शपथ.” “चिमणीसारखं काय टिपतोस!” “लाखभर रुपये घालून शेवटी हेच का?” भिक्खूंच्या पंचाहत्तर सेखिय नियमांपैकी तीस अन्नाबद्दल आहेत. घास फार मोठा करू नये, गाल फुगवून खाऊ नये, असे ते साधे नियम आहेत. त्यातच एक असा आहे की, दुसऱ्याच्या पात्राकडे दोष काढण्याच्या नजरेने पाहू नये. नियम भिक्खूंचे, हे खरे; पण आपल्या स्वयंपाकघरात हा एक जरी आला तरी पुष्कळ होईल.

आता ऑपरेशन घरातल्या बाईचे झाले आहे असे समजा. ती आधी सासऱ्यांना, नवऱ्याला, मुलांना वाढते. मग ओट्याशी उभी राहून, मुलांनी टाकलेले पोळीचे तुकडे आमटीत बुडवून, दहा मिनिटांत आटोपते, कारण पुढे भांडी आहेत. डॉक्टरांचा कागद तिला सांगतो : बसून जेवा, तीस मिनिटे घ्या. दिवसातून तीन जेवणे म्हटली तरी दीड तास झाला. हा दीड तास तिला कोण देणार? तिला “मन घट्ट कर” असे सांगणे सोपे आहे. पण तिच्याजवळ मन आहे, वेळ नाही. आपण समतेचा धम्म घेतला, आणि घरातली बाई जर शेवटी व उभ्यानेच जेवत असेल, तर तिच्या हळू जेवण्याचा प्रश्न तिच्या शीलाचा की आपल्या, हे तुम्हीच ठरवा.

करायचे म्हटले तर फार नाही. तिचे ताट सर्वांबरोबर, शक्य तर आधी वाढा. ताट लहान घ्या, चमचाही लहान. पाण्याचा तांब्या तिच्यापुढून उचला आणि अर्ध्या तासाने तुम्हीच आणून द्या. भांडी त्या वेळी दुसऱ्या कोणी घासावीत. डॉक्टरांनी सांगितलेल्या जीवनसत्त्वांच्या, लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. त्यांची आठवण घरातल्या मुलाकडे सोपवा. लग्नाच्या किंवा जयंतीच्या पंगतीत सगळे एकदम उठतात आणि ती रिकाम्या पत्रावळींमध्ये एकटी उरते. मग लाजेने उरलेला घास भराभर गिळते आणि रात्रभर भोगते. त्या दिवशी घरच्या एकाने तिच्याजवळ बसून राहावे, स्वतःच्या पानावर दोन घास मुद्दाम मागे ठेवून.