भाकरी दिली, पुढे काय?



८ मे २०२० ची पहाट आपल्यापैकी कोणी विसरले असेल असे वाटत नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे वीस मजूर टाळेबंदीत रुळांच्या कडेने पायी निघाले होते. भुसावळला गाडी मिळेल ही आशा. थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडी आली आणि सोळा जण गेले. रुळांवर त्यांच्या चपात्या विखुरल्या होत्या. गारखेड्याहून करमाड किती दूर? तासाभराची वाट.

त्या दिवसांत मंदिरे, मशिदी, गुरुद्वारा, चर्च, सगळ्यांनीच वाटसरूंना अन्न दिले. चांगलेच केले. पण त्या सोळा जणांजवळ चपात्या होत्या! नव्हता तो त्यांच्या बाजूने कचेरीत जाऊन बोलणारा कोणी, असे आम्हाला राहून राहून वाटते.

पवित्र शास्त्रातील रूथची गोष्ट आपण जाणतो. मवाब देशाची ही विधवा सासूबरोबर बेथलेहेमास आली आणि बवाजाच्या शेतात सरवा वेचू लागली. सरवा म्हणजे भीक नव्हे. कापणीत पडलेले धान्य गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावे, असे नियमशास्त्रच सांगत होते. बवाजाने तिला पदरभर सातू दिले. पण तो तिथे थांबला नाही. तो गावच्या वेशीत गेला, दहा वडीलधाऱ्यांना बसवले आणि तिचा प्रश्न सर्वांसमक्ष सोडवला. याच परक्या स्त्रीच्या वंशात दावीद राजा झाला, आणि पुढे प्रभू येशू जन्मला.

आम्ही बहुधा सातूपर्यंतच पोहोचतो. वेशीत जायचे म्हटले की, 'आपण अल्पसंख्य, उगाच कशाला?' असे म्हणून मागे सरतो. ही भीती आम्हालाही वाटते, लपवत नाही.

आपल्या परिसरातल्या इमारतींवर परराज्यातील मजूर राबतात. २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'एक देश, एक रेशनकार्ड' योजना सर्व राज्यांनी राबवावी असा आदेश दिला. म्हणजे अन्नसुरक्षेचे कार्ड असलेल्या मध्य प्रदेशच्या मजुरालाही इथल्या रेशन दुकानातून आपला वाटा घेता येतो. काही धान्य इथे, काही गावी राहिलेल्या घरच्यांना, असेही चालते. पण हे त्याला सांगणार कोण? विटा-सिमेंटने झिजलेल्या बोटाचा ठसा यंत्रावर उमटत नाही, तेव्हा त्याच्याबरोबर दुकानात उभे राहणार कोण? मुलांचेही तसेच. जन्मदाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात स्पष्ट आहे.

तेव्हा या आठवड्यात आपल्या गल्लीतील बांधकामावर जाऊन एवढेच विचारा: रेशन मिळते का, मुले शाळेत जातात का? ज्यांना अडचण आहे त्यांची नावे पुढील रविवारी मिस्सानंतर आमच्याकडे द्यावीत. पुरवठा कार्यालयात आपण मिळून जाऊ. सकाळी मोकळे असलेल्या सेवानिवृत्तांची आम्हाला विशेष गरज आहे.